मे महिन्याचा खाडा

"खाडा धरता का?" मी विचारलं.

समोरची मुलगी गोंधळली. लोअर परळला जिथं पूर्वी गिरणीचा भोंगा वाजायचा, तिथं आता काचेची इंटरनॅशनल शाळा उभी आहे. तिच्या गारगार ऑफिसात आम्ही नातीच्या प्रवेशासाठी बसलो होतो. त्या मुलीनं लॅपटॉपवर फीचे रकाने दाखवले. ॲडमिशन फी, डिपॉझिट, ट्यूशन फी, बसची फी, आणि जवळजवळ प्रत्येकापुढं 'नॉन-रिफंडेबल'. सून टेबलाखालून माझा पाय दाबत होती. मी म्हटलं, "अगं दाबतेस काय? मला सगळं कळतंय. सुट्टीचीही फी घेणार आणि भरलेली परत देणार नाही. मी आपलं विचारून बघितलं."

सून घरापर्यंत माझ्या दोन पावलं पुढं चालत राहिली. तिला वाटलं, म्हातारीनं चारचौघांत लाज काढली. तिला काय ठाऊक, हा प्रश्न माझा नाही, माझ्या आईचा आहे, आणि त्यापायी आमच्याकडे रक्त सांडलंय. सुनेला सांगितलं नाही. इथं सांगते.

आमचं बिऱ्हाड लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. बाबा गिरणीत कापड विणायचे साचे चालवायचे आणि आई घरात खाणावळ चालवायची. बायकामुलं कोकणात ठेवून मुंबईत एकटे राहणारे गिरणीकामगार आमच्याकडे दोन वेळ जेवायला यायचे. महिना भरला, पगार झाला की पैसे द्यायचे. मधे कुणी गावी गेला, तापानं पडला, पाहुण्याकडे जेवला, की त्याचा खाडा धरायचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसाचे पैसे कापून घ्यायचे. गिरणगावात हा धर्मच होता. एक वेळ देवाचा नैवेद्य चुकेल, पण खाडा चुकायचा नाही. आईला अक्षर येत नव्हतं, पण कुणाचा कधी खाडा झाला हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची.

बाबा मारायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं दचकायला नको. भात गिच्च झाला म्हणून मारायचे, साच्यावर धागा तुटला आणि मुकादमानं शिव्या घातल्या म्हणून मारायचे, आईनं उलट उत्तर दिलं म्हणून तर मारायचेच. आणि आई उलट उत्तर द्यायचीच. ती काही गरीब गाय नव्हती. खाणावळीत कुणी कुजकट बोललं तर आमटीचा डाव त्याच्या हातावर बसायचा. पण बाबांपुढं तिचं एवढंच चालायचं, की डोक्यावर आडवा हात धरायचा आणि तोंड चालू ठेवायचं. तिच्या डाव्या मनगटाचं हाड त्यामुळं कायमचं वाकडं झालं होतं.

उन्हाळ्यात आई खोताच्या वाडीत मसाला कुटायला जायची. तिथं लाकडी जिन्याच्या एका घरात एक ख्रिस्ती म्हातारी राहायची, वर्षाचा मसाला घरीच कुटून बाटल्यांत भरणारी. पगारी बायका अंगणात ओळीनं बसून मुसळ हाणायच्या. मी आईच्या बाजूला बसून मिरच्यांचे देठ काढायची. त्या म्हातारीची मुलगी टेलिफोनच्या कचेरीत होती. दुपारपाळी असली की ती सँडल वाजवत जिन्यावरून उतरायची, आणि आईचं मुसळ हवेत थांबायचं.

एकदा आईनं तिला सरळ विचारलं, "तुझो घोव काय करता?"

ती हसली. "नवरा? पीत होता, मारत होता. दिला हाकलून."

"आणि मग?"

"मग काय? मला पगार हाय ना."

आईनं त्या दिवशी मसाला असा कुटला की उखळ फुटायचं बाकी राहिलं. घरी येताना रस्त्यात तिनं माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "ती जय शिकली, थय तू शिकतलंस." झालं. ठरलं. आईचं काही ठरलं की ब्रह्मदेव आला तरी बदलायचं नाही. मला टेलिफोनच्या कचेरीत बसवायचं. कुणाचा हात अंगावर पडला तर त्याला हाकलून देता यावं एवढा पगार मला मिळायला हवा, बाकी तिला काही नको होतं.

ती टेलिफोनवाली शिकली ती शाळा गिरगावच्या पुढं, समुद्राच्या बाजूला होती. परदेशी जोगिणींनी चालवलेली. तिथं गोऱ्या साहेबांच्या, पारशांच्या, वकिलातीतल्या लोकांच्या, साऱ्या मुलखातल्या पोरी शिकायच्या. वर्ष त्यांच्या विलायती रिवाजानं हिवाळ्यात सुरू व्हायचं. टेलिफोनवालीनं खटपट करून आम्हाला फॉर्म आणून दिला, भरूनही दिला, आणि महिनाभर दर रविवारी मला चार वाक्यं घोकून घेतली. मोठ्या मदरनं मला माझं नाव विचारलं, वय विचारलं, खिडकीबाहेरचं झाड दाखवून हे काय म्हणून विचारलं. मी "ट्री" म्हटलं. मदर आईच्या मनगटाकडे बघत होती. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि आम्हाला खाली कारकुनाकडे पाठवलं. जागा मिळाली होती.

आता फी. कारकून गिरगावातल्या जुन्या घरातला, काळी टोपी, कडक कॉलर, आणि आमच्याकडे बघून नाकाला रुमाल. आईच्या लुगड्याला सुक्या बांगड्याचा वास यायचा, खोटं कशाला बोलू? त्यानं भराभर सांगितलं. प्रवेश फी एकदाच. अनामत एकदाच, ती शाळा सोडताना परत. इमारतीसाठी वेगळे. टर्म फी वर्षातून दोनदा. आणि महिन्याची फी, बारा महिने.

"परत देतलात तर घेतात कित्याक?" आईनं अनामतीचं विचारलं.

"मुलीनं काही मोडतोड केली तर?"

"ती काय मोडतली? आमच्या घरात मोडणारो येगळो आसा."

तो हसला नाही. आई बोटांच्या पेरांवर हिशेब करत होती. तिनं वर्षभर चोरून साठवलं होतं, तांदळाच्या डब्यात, बाबांचा हात जाणार नाही इतकं खोल. आणि तिचा हिशेब पक्का होता. मग ती थांबली. "बारा म्हयने कशे? मे म्हयन्यात शाळा बंद. नाताळात बंद. त्येचो खाडो धरलात काय?"

"काय धरला?"

"खाडो. पोर शाळेत येवची नाय, मग पैशे कसले? माणूस जेवलो नाय तर मी पैशे घेतंय काय?"

कारकून आधी बघत राहिला, मग टेबलावर हात आपटून हसला. आत जाऊन त्यानं मदरलाही ते सांगितलं असावं, कारण मदर स्वतः बाहेर आली. ती इंग्रजीत काहीतरी बोलली आणि त्यानं मराठीत उल्था करून सांगितलं, "मदर म्हणतात, शिक्षिकांना मे महिन्यातही भूक लागते."

मला वाटलं आता आई भडकणार. पण आई त्या गोऱ्या बाईकडे बघतच राहिली. तिचं तोंड असं झालं होतं, जणू कुणीतरी तिच्या घरातली गोष्ट तिलाच नव्यानं सांगितली. वर्षानुवर्षं पोरगे लग्नसराईला गावी जायचे, खाडा कापून घ्यायचे, आणि आमच्या चुलीवर कांजी शिजायची. तिला कुणी कधी विचारलं नव्हतं, की खाड्याच्या दिवशी तू काय खातेस?

पहिल्या वर्षाची सगळी फी सोमवारी बारा वाजायच्या आत भरायची होती, नाहीतर जागा दुसरीला. आणि भरलेली फी कुठल्याही कारणानं परत मिळणार नाही, हे कारकुनानं दोनदा बजावलं. आईनं दहाच महिन्यांची फी धरून साठवलेलं कमी पडत होतं. हातात आठवडा होता.

ते दिवसच डोकी फुटायचे होते. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं दिल्लीत ठरत होतं आणि इथं लालबाग-परळ पेटलं होतं. मोर्चे, हरताळ, लाठीमार, नाक्यानाक्यावर बंदुकवाले पोलीस. अश्रुधूर चाळीच्या जिन्यानं वर यायचा आणि आम्ही पोरं ओली फडकी तोंडावर धरून बसायचो. बाबा रोज मोर्चात. आमच्या खाणावळीतले सगळेच. जेवताना एकेकाच्या कपाळावर टेंगळं, कुणाचा दंड काळानिळा, आणि वर फुशारकी की मी आज अमुक इतके दगड मारले. "मुंबई आमची" म्हणत ते भातावर आमटी ओतून घ्यायचे.

त्या पंगतीत आईनं सांगितलं, "ह्या म्हयन्यापासून पैशे आधी. सबंध म्हयन्याचे. आणि खाडो बंद."

मग जो गहजब झाला, विचारू नका. "खाडो बंद म्हणजे? बापाजन्मी कोणी ऐकला नाय!" एकानं ताटलीच भिंतीवर फेकली. दुसऱ्यानं आमटीच्या टोपाला लाथ घातली, उकळती आमटी जमिनीवर पसरली आणि माझ्या पायाच्या बोटांवर आली. मी किंचाळले. आईनं डाव उचलला आणि लाथ घालणाऱ्याच्या थोबाडात असा हाणला की त्याच्या ओठातून भळाभळा रक्त आलं. तो आईच्या अंगावर धावला.

त्याला मधेच धरला बॉयलरवाल्यानं. हा आमचा सगळ्यात जुना जेवणारा. गिरणीच्या बॉयलरमधे कोळसा घालायचा, म्हणून सगळे त्याला बॉयलरवाला म्हणायचे. दंड लाकडाच्या ओंडक्यासारखे, भुवया जळून गेलेल्या. त्यानं त्या माणसाला मानेला धरून खाली बसवला.

"वयनी, पैशे कित्याक व्हये?"

आईनं खरं सांगितलं. चेडवाची फी भरायची आहे.

"आयशीचो घो! मग पयला सांगूचा ना." त्यानं कमरेचा कसा सोडला आणि सबंध महिन्याचे पैसे चुलीशी ठेवले. "माझी पोर गावाक शेरडांमागे फिरता. तुझी तरी शिकांदे. काय रे, बघतास काय? काढा." त्याच्यापुढं कुणाची टाप? कुरकुरत, शिव्या घालत एकेकानं दिले. फुटक्या ओठवाल्यानंही दिले, आणि वर म्हणाला, "मारलंस तो भारी हां." गिरणगावातली माणसं अशी.

पण एवढा कल्लोळ झाल्यावर बाबांना कळायचं राहतंय थोडंच. फुटला ओठ नाक्यावर गेला आणि बाबांच्या कानावर पडला. ते आले ते पट्टा काढूनच. "आम्ही मराठीपायी डोकी फोडून घेतो, आणि तू पोरीला गोऱ्यांच्या शाळेत घालतेस? माझ्या तोंडाला काळं फासतेस?" आईला त्यांनी त्या दिवशी बाहेरच्या गॅलरीत, साऱ्या चाळीसमोर मारलं. मला आठवतंय, ती वाकडा हात डोक्यावर धरून ओरडत होती, "तुझ्या बापाशीचा काय जाता? माझे पैशे आसत! माझ्या चेडवाक मी शिकवतलंय!" शेजारणी दारं लावून बसल्या. बाबांनी खोली पालथी घातली, डबे ओतले, गाद्या फाडल्या. पैसे मिळाले नाहीत. ते आईच्या कंबरेला, लुगड्याच्या आत, फडक्यात बांधलेले होते आणि ती त्यावरच मार खात होती.

सोमवारी हरताळ होता. ट्राम नाही, बस नाही, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. बाबा सकाळीच बाहेर पडले होते. आईचा एक डोळा सुजून बंद होता. तिनं मला न्हाऊ घातलं, तेल लावून दोन वेण्या घातल्या, कमरेचं फडकं चाचपलं आणि म्हणाली, "चल."

जिन्याच्या खाली बॉयलरवाला उभा. "आज जाव नको, वयनी. वरसून हुकूम आसा, दिसात त्येका गोळी घालतत."

"बाराच्या आत भरूक व्हये."

त्यानं कपाळावर हात मारला. मग पुढं चालू लागला आणि आम्ही त्याच्या मागं.

आर्थर रोडला वळेपर्यंत ठीक होतं. नाक्यावर मोठा जमाव होता, रस्त्यावर दगडविटांचा सडा, एक ट्रक उलटा करून पेटवलेला. समोर लांबवर पोलिसांची रांग. आम्ही भिंतीकडेनं निघालो, आणि जमावातून बाबा आले. माझ्या बापाला मी लाखात ओळखेन, तरी त्या दिवशी ओळखलं नाही. तोंड धुरानं काळं, डोळे लाल, हातात लोखंडी सळई.

"हरताळाच्या दिवशी निघालीस? इंग्रजी शाळेत पैसे भरायला?" त्यांनी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. सगळे वळून बघायला लागले. कुणीतरी "फितूर" म्हणालं. कुणीतरी दगड भिरकावला, तो आईच्या खांद्यावर बसला. बाबांनी सळई काखेत मारली, आईचा अंबाडा धरून तिला रस्त्यावर ओढलं आणि दुसरा हात तिच्या कमरेला घातला. आई त्यांच्या मनगटाला चावली. मी बाबांच्या पायाला मिठी मारून ओरडत होते. एवढा राग मला परत आयुष्यात कुणाचा आला नाही. हातात सळई असती तर मीच घातली असती.

बॉयलरवाल्यानं बाबांना मागून विळखा घातला आणि उचलून बाजूला केलं. "बायलेक मारतंस? थय पोलीस हत, जा, थय मर्दपणा दाखव!" बाबा त्याच्या हातात तडफडत होते, लाथा झाडत होते. तेवढ्यात पोलिसांकडून शिट्टी वाजली. मग फटफट आवाज आले. मला वाटलं ट्रकचे टायर फुटले. जमाव फुटला, जो तो वाट मिळेल तिकडे पळाला. बाबांनी हिसडा दिला, सुटले आणि गल्लीत पळाले. मागं वळून बघितलं नाही त्यांनी. बॉयलरवाला रस्त्याच्या मधे एकटा उभा राहिला, बाबा सुटल्यानं तोल गेल्यासारखा. मग खाली बसला.

पोटात लागली होती. त्यानं दोन्ही हात पोटावर दाबले होते आणि बोटांमधून रक्त येत होतं, काळं, दाट. आईनं पदर फाडला, त्याच्या हातांखाली कोंबला. तो लगेच भिजला. ती मदतीला हाका मारत होती, रस्ता रिकामा होता. चाळींच्या खिडक्या बंद.

"वयनी," तो म्हणाला, "तुमी जावा."

"गप रव."

"जावा. बारा वाजतले. माका उचलूक येतत कोण तरी. पोरीक घेवन जावा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "रडा नको गो."

आईनं त्याच्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे. मग माझ्याकडे. एका बंद दारावर तिनं दोन्ही मुठी हाणल्या, "मेल्यांनो, माणूस मरता हय! भायर येवा!" दार किलकिलं झालं, दोन पोरगे वाकून बाहेर आले, त्यांनी त्याला काखेत धरून ओढत आत घेतलं. रक्ताचा पट्टा उंबऱ्यापर्यंत गेला. तो आत जाईस्तोवर आई उभी राहिली. मग तिनं माझा हात धरला आणि आम्ही गिरगावच्या दिशेनं पळालो.

किती पळालो, कुठून पळालो, मला धड आठवत नाही. एका गल्लीत अश्रुधूर होता, एका ठिकाणी पोलिसानं आईच्या पोटरीवर काठी मारली. शाळेचं फाटक बंद होतं. आई दगड घेऊन फाटकावर ठोकायला लागली. आतून तोच कारकून आला. दिंडीदरवाजा उघडला आणि आमच्याकडे बघून त्याचा रुमाल नाकापर्यंत जाता जाता थांबला. आईच्या हातांना, लुगड्याला, माझ्या फ्रॉकला रक्त होतं. आईनं फडकं सोडून त्याच्या हातात दिलं. नोटाही चिकट झाल्या होत्या.

"बारा वाजले नायत ना?" आईनं विचारलं.

कारकुनानं हातातला रुमाल खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "बाई, हरताळाच्या दिवशी कसली मुदत? मदरनी सगळ्यांनाच चार दिवस वाढवून दिले. सावकाश आला असतात तरी चाललं असतं."

आई मटकन खाली बसली. रडली नाही. कारकुनानं पाणी आणलं, ते प्यायली नाही. त्यानं पावती केली, ती दोन बोटांत धरून ती बसून राहिली.

बॉयलरवाला त्याच दिवशी इस्पितळात वारला. आम्हाला संध्याकाळी कळलं. ज्यांनी त्याला नेलं ते पोरगे सांगत आले. बाबाही तेव्हाच घरी आले, कोपऱ्यात बसले, भिंतीकडे तोंड करून. त्यानंतर त्यांनी कधी आईवर हात उचलला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. उचलला. थोडे दिवस मधे गेले एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून आई बॉयलरवाल्याची ताटली वाढून ठेवायला लागली. प्रत्येकाची ताटली ठरलेली असायची. त्याची जर्मनची, काठाला पोचा आलेली. भात, आमटी, असेल तर माशाची तुकडी. पंगत उठली की ते कावळ्यांना जायचं. बाबा म्हणाले, "मेलेल्याला वाढतेस? खुळी झालीस?" आई म्हणाली, "त्येचे पैशे भरलेले आसत. खाडो बंद आसा आपल्याकडे."

माझी शाळा सुरू झाली. निळा फ्रॉक, पांढरे बूट. त्याच आठवड्यात एके सकाळी मी बूट घालत होते, आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. कपाळ मोकळं, पायात काही नाही, बोटीनं आल्यानं अंगाला खाऱ्या पाण्याचा वास. बॉयलरवाल्याची बायको. गावच्या कुणीतरी तिला दारापर्यंत सोडलं होतं. तिनं आधी त्याची पेटी मागितली. आईनं दिली. मग ती म्हणाली, "म्हयन्याचे पैशे त्यांनी आधीच दिलेले म्हणतत. जेवले थोडेच दिस. खाड्याचे पैशे दी."

ती बरोबर होती. साऱ्या गिरणगावात तिला कुणी चूक म्हटलं नसतं.

"नायत," आई म्हणाली.

"खंय गेले?"

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. निळा फ्रॉक, पांढरे बूट. त्या बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला त्या बुटांतून पाय काढून पळून जावंसं वाटलं.

मग तिनं विचारलं, "पडले तेव्हा जवळ कोण होता?"

आईला गप्प बसता आलं असतं. नाक्यावर हजार माणसं होती, कोण सांगणार होतं?

"मी होतंय," आई म्हणाली. "तो जिवंत होतो. 'जावा' म्हटल्यान, आणि मी गेलंय. हिची फी भरूक."

ती बाई आत, चुलीपाशी बसलेल्या आईसमोर आली. मग तिनं चुलीशी वाढून ठेवलेली ती जर्मनची ताटली उचलली, भात जमिनीवर सांडला, आणि ती दोन्ही हातांनी आईच्या डोक्यात घातली. एकदा, दोनदा, पुन्हा. प्रत्येक वेळी ती तिच्या नवऱ्याला हाक मारत होती. मी आईचा हात बघत होते, तो वाकडा हात. बाबांनी नुसता आवाज चढवला तरी आपोआप डोक्यावर जाणारा. तो मांडीवरच राहिला. आईनं तो उचललाच नाही.

बाई दमली तेव्हा ताटली तिच्या हातातून पडली. आईच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. ती उठली, ताटली मोरीत नेऊन घासली, धुतली. तिच्यावर भात वाढला, आमटी वाढली, बांगड्याची तुकडी ठेवली आणि त्या बाईसमोर पाट मांडला.

"जेव," ती म्हणाली. "त्येचे दिस शिल्लक आसत."

ती बाई पदरानं हात पुसत पुढं आली. मग पाटावर बसली. भातात हात घातला, थांबली, आणि जेवायला लागली. आई तिच्यासमोर पदर कपाळावर दाबून बसली होती, काय हवं नको बघत.

मग आईची नजर माझ्याकडे गेली.

"बघतंस काय?" ती ओरडली. "शाळेक उशीर होतलो."